खर्ज कुठे हरवला?

टीका लिहिणाराने स्वतःच्या चुकीपासून आरंभ करावा अशी काही आपल्याकडे प्रथा नाही. मीही ती आजवर पाळलेली नव्हती. पण या लेखाला दुसरा आरंभच सापडत नाही, म्हणून आधी चूक सांगून मोकळा होतो.

मी एका तालुक्याच्या गावी मास्तर आहे. शिक्षण मॅट्रिकपुरते. तीन-चार कादंबऱ्या नावावर आहेत. गाणे कुणाच्या पायाशी बसून शिकलो नाही. ऐकत मात्र वीस-पंचवीस वर्षे आलो. तेवढ्या भांडवलावर आमच्या संगीत मंडळाच्या मैफलींची परीक्षणे मी इथल्या साप्ताहिकात लिहितो आणि गावातले चार लोक ती वाचून मान डोलावतात. तीन वर्षांपूर्वी मंडळाने एका जाणत्या बुवांचे गाणे ठेवले होते. सभागृह सात-आठशे माणसांचे, तुडुंब भरलेले. बुवांनी दरबारी कानडा काढला. दरबारी म्हणजे खर्जाचे राज्य! त्याचा खरा दिमाख खालच्या सप्तकात. बुवा खाली उतरत होते, सूर नेमका लागत होता, हे कानाला कळत होते. पण त्या सुराला वजन नव्हते. रिकाम्या रांजणावर टिचकी मारावी तसे वाटत होते. मी घरी येऊन लिहिले, “बुवांची बुद्धी अजून तरुण आहे, पण खर्जाचा तळ वयाने नेला.” वाक्य जमले म्हणून मी स्वतःवर खूषही झालो.

पुढल्या वर्षी बुवांना पुन्हा बोलवावे अशी सूचना मंडळात आली. कुणीतरी माझे परीक्षण काढून ते वाक्य मोठ्याने वाचले. सूचना तिथेच बारगळली. मी त्या सभेला हजर होतो आणि गप्प बसलो होतो, हेही सांगितले पाहिजे.

त्यानंतर सहा महिन्यांनी पुण्याला माझ्या साडूंकडे वास्तुशांत होती. रात्री घरगुती बैठक ठरली होती आणि गाणारे तेच बुवा. दिवाणखान्यात जाजम अंथरलेले, चाळीस-पन्नास माणसे, माइक नाही. बुवांनी फर्माइशीवरून पुन्हा दरबारीच घेतला. पाचव्या-सहाव्या मिनिटाला ते खर्जात उतरले आणि जाजमाखालची फरशी माझ्या तळपायाला काहीतरी सांगू लागली. तो सूर कानांनी ऐकण्यापूर्वी अंगाला कळत होता. भरलेल्या विहिरीत वाकून पाहावे तसा खोल, थंड आणि गच्च भरलेला! माझ्या शेजारी बसलेल्या साडूंच्या आई डोळे पुसत होत्या. मी मान खाली घातली. वयाने तळ नेला असता तर तो दीड वर्षाने परत आणून दिला नसता. मग त्या रात्री आमच्या सभागृहात खर्ज कुठे हरवला?

२

उत्तर शोधायला मी साउंडवाल्याकडे गेलो. तो माझाच जुना विद्यार्थी. गणितात कच्चा, पण शाळेच्या स्नेहसंमेलनात बंद पडलेला कर्णा त्याच्याशिवाय कुणाला चालू करता येत नसे. आता त्याचा स्वतःचा व्यवसाय आहे आणि सभागृहाच्या मधोमध, मागच्या रांगांच्या पुढे, तो आपल्या डिजिटल मिक्सरपुढे बसलेला असतो. (या विषयावर लिहितो आहे असे घरी सांगितले तेव्हा आमच्या सौ. म्हणाल्या, “मिक्सरवर? फराळाच्या दिवसांत चांगलेच सुचले!” तेव्हा आधीच सांगून ठेवतो की हा मिक्सर चटणीचा नव्हे.)

मी त्याला माझी शंका सांगितली. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “गुरुजी, त्या रात्रीचे सगळे माइक वेगवेगळे नोंदवून ठेवलेत माझ्याकडे. आणि मिक्सरवर त्या रात्री काय काय लावलेलं होतं, तेही साठवलेलं आहे. उद्या दुपारी हॉल रिकामा आहे. या, दोघं मिळून ऐकू.”

वाचकहो, हे मला जादूसारखे वाटले. गाणे वाऱ्यावर जाते, म्हणून परीक्षक निर्धास्त असतो. त्याचे म्हणणे पडताळून पाहायला कुणी येत नाही. इथे गेलेली मैफल पुन्हा उभी करता येत होती. दुसऱ्या दिवशी रिकाम्या खुर्च्यांसमोर बुवांचा तोच दरबारी त्याच स्पीकरांतून वाजू लागला. पुन्हा तोच पोकळ खर्ज. मग माझ्या विद्यार्थ्याने पडद्यावर बुवांच्या माइकचे पान उघडले, क्षणभर बघत राहिला आणि कपाळावर हात मारून घेतला. ‘लो कट’ नावाची एक सोय असते. ठराविक कंपनसंख्येच्या खालचा आवाज ती कापून टाकते. ती १५० वर लावलेली होती.

आता थोडे गणित करू. मास्तर आहे, सवय सुटत नाही. बुवांचा षड्ज काळी एकचा. म्हणजे सेकंदाला सुमारे १३९ कंपने. त्याखालचा मंद्र पंचम सुमारे १०४ कंपनांचा आणि खर्जाचा षड्ज सुमारे ६९ चा. चाळणी लावली होती १५० वर! म्हणजे बुवा मध्य षड्जावरून खाली पाय टाकत होते तो प्रत्येक पाय कात्रीत जात होता. मग सूर ओळखू तरी कसा येत होता? कारण कोणताही गाता सूर एकटा नसतो. त्याच्याबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर असतात. मूळ कापले तरी या उपस्वरांवरून कान मुळाचा अंदाज बांधतो आणि सूर बरोबर ओळखतो. ओळख पटते, अंग मात्र नसते. मी ‘पोकळ’ लिहिले तो शब्द अगदी अचूक होता. चुकले होते ते एवढेच की तो पोकळपणा बुवांचा नव्हता.

माझ्या विद्यार्थ्याने चाळणी उतरवून ५० वर आणली. सभागृहात माणूस नव्हते, तरी मला वाटले की कुणीतरी मोठा माणूस आत आला.

“हे झालं कसं?” मी विचारले.

“आदल्या दिवशी इथे व्याख्यान होतं,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “भाषणाच्या माइकला १५० लावतो मी. टेबलावर हात आपटतात, पंख्याचा वारा माइकवर येतो, त्याची घरघर जाते. ती मांडणी साठवलेली होती. गाण्याच्या दिवशी घाई होती, तीच उघडली, बाकीचं जुळवलं, हे राहून गेलं. चूक माझी आहे गुरुजी.”

चूक त्याची होती. पण त्याने ती शोधून दाखवली आणि कबूल केली. माझी चूक मात्र साप्ताहिकात छापून, मंडळात वाचून, एका कलावंताचे बोलावणे मोडून बसली होती.

३

त्या दुपारपासून मी हे यंत्र समजून घेण्याच्या मागे लागलो. जे समजले ते थोडक्यात असे.

पूर्वीच्या मिक्सरवर प्रत्येक माइकची स्वतंत्र उभी पट्टी असे आणि तिच्यावर स्वतःची बटणे. बत्तीस माइक म्हणजे बत्तीस पट्ट्या. सगळा संसार एका नजरेत उघडा. कार्यक्रम संपला की बटणांच्या जागा कागदावर टिपून ठेवायच्या. डिजिटल मिक्सरने हे सगळे अंकांत नेले. माइकमधून आलेला आवाज सेकंदाला बहुधा ४८,००० वेळा मोजला जातो. प्रत्येक मोजणी २४ बिटांची, म्हणजे १ कोटी ६७ लाखांहून अधिक पायऱ्यांच्या मोजपट्टीवर. त्यानंतर जे काही होते ती नुसती बेरीज-गुणाकार. आकडे साठवता येतात, म्हणून मांडणीही साठवता येते. एक बटण दाबले की सरकपट्ट्या मोटारीने आपोआप आपापल्या जागी धावत जातात. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला भुताटकीच वाटली.

मोठ्या मैफलींसाठी असे मिक्सर एकविसाव्या शतकाच्या आरंभी रुळले. डिजिकोचा डी-५ २००२ सालचा, यामाहाचा एम-७-सीएल २००५ सालचा. २०१२ साली बेरिंजरचा एक्स-३२ आला आणि किंमत एवढी उतरली की जे यंत्र पूर्वी मोठ्या शहरांतल्या बड्या कंपन्यांनाच परवडे ते तालुक्याच्या गावातल्या मंडपवाल्याच्या टेम्पोतही दिसू लागले. म्हणून हा विषय आता मुंबई-पुण्याचा राहिलेला नाही, तुमच्या-आमच्या गावाचा झाला आहे.

आमच्याकडचे काही जुने रसिक म्हणतात, माइकच नको. बालगंधर्व आणि केशवराव भोसले १९२१ साली ‘संयुक्त मानापमाना’त माइकशिवायच गायले ना? गायले, खरे आहे. पण त्या गळ्यांची निवडच मुळी फेकीवर होत असे. मागे पोचेल तोच गळा रंगभूमीवर टिके. माइकने हळू गाणाऱ्या, कुजबुजत्या भावाच्या, नाजूक गळ्यांनाही दार उघडले. आणि दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. दिवाणखान्यातली बैठक ही पन्नास भाग्यवंतांची चैन आहे. माझी आई गणपतीतल्या गाण्यांना नेहमी मंडपाच्या मागच्या टोकाला, बायकांत, मुलांना मांडीवर घेऊन बसे. तिच्या वाट्याला आयुष्यभर कर्ण्याचा खरखराट आला. गाणे किती चांगले झाले हे ती घरी येऊन वडिलांना विचारून घेई. मागच्या रांगेतल्या आईला पुढच्या रांगेतल्याइतकेच गाणे मिळणे, याला मी रसिकतेच्या प्रश्नाइतकाच न्यायाचाही प्रश्न समजतो.

आणि तो न्याय हे यंत्र करू शकते. १९५३ पासून पुण्यात भरत आलेल्या सवाई गंधर्व महोत्सवासारखा मोठा मंडप डोळ्यांपुढे आणा. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे ३४ मीटर मागे बसलेल्याला मंचावरचा आवाज सुमारे एक दशांश सेकंद उशिरा पोचतो. त्याच्यासाठी जवळ वेगळा स्पीकर लावला तर विजेच्या वेगाने त्यातला आवाज आधी येतो आणि मंचाकडचा मागून. द्रुत तीनताल मिनिटाला ३०० मात्रांनी चालला असेल तर एक दशांश सेकंद म्हणजे अर्धी मात्रा! तबल्याचा प्रत्येक बोल दोनदा ऐकू येतो आणि गायकाची तान चिखलात रुतते. यावर उपाय म्हणजे मागच्या स्पीकरला तेवढेच थांबवून धरणे. डिजिटल मिक्सरला ते एका आकड्याचे काम. त्यात आणखी एक खुबी आहे. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ साली दाखवून दिले की दोन सारखे आवाज थोड्या अंतराने आले तर जो आधी येतो त्याच्याच दिशेला कान आवाजाचे मूळ मानतो. म्हणून मागचा स्पीकर हिशोबापेक्षा आणखी दहा-पंधरा सहस्रांश सेकंद उशिरा ठेवला की शेजारच्या खांबावरून येणारा सूरही मंचावरच्या गायकाच्या तोंडून आल्यासारखा वाटतो. हे ज्याने साधले त्याला मी कारागीर म्हणून थांबणार नाही.

४

पण गुण सांगितले तसे दोषही सांगितले पाहिजेत. गेली दीड-दोन वर्षे मी प्रत्येक मैफलीत अर्धा वेळ मिक्सरशेजारी बसून ऐकले. माझ्या तक्रारी चार.

पहिली तक्रार आठवणीची. यंत्राची आठवण पक्की, म्हणून माणूस ऐकायचे विसरतो. कालची मांडणी आज उघडायची आणि आजचा गळा कालच्या साच्यात बसवायचा. बुवांचा खर्ज याच सवयीने गेला.

दुसरी तक्रार ‘कॉम्प्रेसर’ची. मोठा आवाज दाबून लहान-मोठ्यातले अंतर कमी करणारी ही सोय. भाषणाला, सिनेगीताला ती उपकारक असेल. पण ख्यालात हे अंतर म्हणजेच तर गाणे! गायक एखादी जागा हळू घेतो तेव्हा ती आपण पुढे सरकून ऐकावी म्हणून घेतो. तिला वर ओढून सपाट केले की ऐकणारा पाठ टेकतो तो टेकतोच.

तिसरी ‘गेट’ची. आवाज ठराविक पातळीखाली गेला की माइक बंद करणारी ही सोय. ढोल-ताशाला ठीक. एका मैफलीत ती तानपुऱ्याच्या माइकला लावलेली पाहिली. जोडीच्या तारा छेडल्या की दार उघडे, खर्जाची तार विझत आली की बंद. तानपुऱ्याचे सारे मर्म त्या विझत जाण्यात. गायकाला पाठीशी अखंड भिंत हवी असते, त्याला खिडकी मिळाली, तीही वाऱ्याने आपटणारी.

चौथी तक्रार डोळ्यांची. पडदा रंगीत असतो, त्यावर आवाजाचे आलेख नाचतात. साउंडवाला आलेखाकडे बघतो, मंचाकडे नाही. शिवाय सरकपट्ट्या सोळा आणि माइक बत्तीस, म्हणून पाने उलटावी लागतात. गायक हाताने ‘तबला थोडा कमी’ अशी खूण करतो आणि दुसऱ्याच पानावर हात असल्यामुळे पेटी खाली जाते. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

पुष्कळदा असा वाद ऐकू येतो की जुन्या यंत्रांत ऊब होती, डिजिटल आवाज कोरडा. या वादात मला फारसे हशील दिसत नाही. माइक गळ्यापासून चार बोटे दूर की वीतभर, याने जेवढा फरक पडतो तेवढा यंत्राच्या जातीने पडत नाही. वरच्या चारही तक्रारी शेवटी यंत्राच्या नाहीतच, त्या कानाच्या आहेत. आणि उलट बाजूही आहे. परवाच एका गायिकेच्या कार्यक्रमापूर्वी माझा विद्यार्थी हातातल्या टॅबलेटवर तोच मिक्सर उघडून थेट मंचावर, त्यांच्या शेजारी मांडी घालून बसला. “ताई, तानपुरा डावीकडून वाढवू का? तुमचाच आवाज तुम्हाला जास्त येतोय का?” असे विचारत मॉनिटर जुळवत होता. ताई दोन मिनिटांत निश्चिंत झाल्या. पूर्वी हे लांबून, हातवाऱ्यांनी, अर्धा राग संपेपर्यंत चाले.

५

कादंबरी लिहिणाराला मुद्रितशोधक ठाऊक असतो. त्याचे उत्तम काम कुणाला दिसत नाही. त्याची चूक झाली तर ती लेखकाच्या नावावर जमा होते. त्याने आपल्या अकलेने वाक्य बदलले तर वाचक लेखकालाच शिव्या देतो. मिक्सरपुढे बसलेला माणूस हा गाण्याचा मुद्रितशोधक आहे. फरक इतकाच की पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघते, मैफलीची निघत नाही.

म्हणून संगीतावर लिहिणारांना, आणि त्यांत मी स्वतः पहिला, एक सुचवावेसे वाटते. ‘आवाज लागला नव्हता’, ‘तबला चढत होता’, ‘खर्ज नव्हता’ असे लिहिण्यापूर्वी एकदा स्पीकरपासून दूर, मंचाजवळ जाऊन ऐकावे. आणि एकदा मागे जाऊन मिक्सरशी बसावे. जे ऐकू आले ते गायकाचे किती आणि मधल्या माणसाचे किती, याचा निवाडा न करता गायकावर निकाल देणे म्हणजे पाकिटावरच्या अक्षरावरून पत्र लिहिणाराचे मन ओळखणे. आणि ज्या रात्री मैफल उत्तम ऐकू आली त्या रात्री त्या माणसाचाही उल्लेख व्हावा. तबलजीचे नाव आपण छापतो, पेटीवाल्याचे छापतो. सात-आठशे लोकांनी ते दोघेही ज्याच्या बोटांतून ऐकले, त्याचे का नाही?

मी बुवांना पत्र लिहिले. सगळा प्रकार कळवला, आकड्यांसकट, आणि क्षमा मागितली. साप्ताहिकातही तेवढ्याच ठळक अक्षरांत चूक कबूल केली. आठ दिवसांनी बुवांचाच फोन आला. रागावतील या अपेक्षेने मी उभा राहूनच बोलू लागलो. ते म्हणाले, “मास्तर, तुमचं परीक्षण मी तेव्हाच वाचलं होतं. मलाही वाटलं, वय झालं खरं. सहा महिने मी दरबारी कुठेच गायलो नाही. त्या रात्री माझा खर्ज माझ्या छातीत वाजत होता हो. तो तुमच्यापर्यंत पोचला नाही, हे मला कसं कळावं?”

या वाक्यावर मला काही उत्तर देता आले नाही. एका आकड्याने आणि माझ्या एका जमलेल्या वाक्याने मिळून एका माणसाचा स्वतःच्या गळ्यावरचा विश्वास सहा महिने हरवला होता. गायक गातो ते त्याला कधीच आपल्यासारखे ऐकू येत नाही. तो आपले गाणे मधल्या माणसाच्या हवाली करून डोळे मिटतो. त्या विश्वासाची किंमत त्या माणसाने जाणावी आणि आपणही जाणावी, एवढेच मला सांगायचे आहे.

मंडळाने आपला निर्णय फिरवला आहे. या वर्षीच्या आमच्या दिवाळी पहाटेला बुवा येणार आहेत. पहाटेचा कार्यक्रम, तेव्हा दरबारी नाही. भैरव ऐकवीन म्हणाले आहेत. माझा विद्यार्थी आदल्या संध्याकाळीच येऊन रिकाम्या मांडणीपासून आरंभ करणार आहे. साठवलेले काही उघडायचे नाही असा त्याचा पण. मी या वेळी आईला घेऊन मागच्या रांगेत बसणार आहे. अभ्यंगस्नान करून, अत्तर लावून तुम्हीही आपापल्या गावच्या दिवाळी पहाटेला जाल. गाणे रंगले आणि टाळ्या वाजवायला हात उचललेत, की एकदा मान वळवून मागे, त्या दिव्यांच्या पेटीपुढे बसलेल्या माणसाकडेही पाहा. त्या टाळ्यांत त्याचाही वाटा असतो.